पहिल्या पाण्याचे दिवस

येत्या १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. १९५७ साली याच तारखेला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची पैदास करून दाखवली. आपला बीजनिर्मितीचा सगळा व्यवसाय त्या सुईवर उभा आहे. त्या सुईने पुराची जागा घेतली. तळ्याच्या साठलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांच्या पोटात अंडी भरतात, पण ती सुटत नाहीत. त्यासाठी चढते, गढूळ, वाहते पाणी लागते.

नदीतल्या माशाला सुई कोण टोचणार? त्याला जूनच हवा. सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरणाऱ्या लहान नद्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी तुटतात आणि मागे डोह उरतात. तापलेल्या, प्राणवायू घटलेल्या पाण्यात मरळ, शिंगी, मागूर वरची हवा घेऊन तग धरतात. महसीरला मात्र खोल, गार डोहच वाचवतो. मग पहिला लोंढा येतो आणि चढण सुरू होते. कोकणात वलगणीचे मासे म्हणतात ते हेच. पोटात गाभोळी घेऊन मासे ओढ्यांत, भातखाचरांत शिरतात. मे महिन्यात पाहिलेला डोह आणि ऑगस्टमधला तोच डोह, दोन्हींतली वस्ती वेगळी असते. म्हणून जानेवारीत, जाळे टाकायला सोयीचे असते तेव्हा, एकदाच पाहणी करून केलेली माशांची यादी नदीची म्हणून छापू नये. ती त्या महिन्याची यादी असते.

नेमक्या या चढणीच्या दिवसांत आपण नदीला आडवे येतो. कालवणापुरते मासे धरणाऱ्या घराला मी दोष देणार नाही. ओढ्याचे तोंड जाळ्याने पूर्ण बंद करणारे, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणारे आणि जिलेटिन फोडणारे यांना मात्र माफी नसावी. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाआधी काढायचे असतात. ते राहिले की वर जाणारा मासा भिंतीशी अडतो आणि तिथेच मारला जातो.

धरणांचा परिणाम याहून खोल आहे. धरण पहिला पूर स्वतः पिते. ते भरत आले की दरवाजे उघडतात, आणि खालच्या नदीला जूनचे पाणी ऑगस्टमध्ये मिळते. वर्षाच्या हिशेबात पाणी सोडलेले दिसते, पण अंड्यांनी भरलेल्या माशाची वेळ टळलेली असते. चिलापीला याची फिकीर नाही. ती संथ पाण्यात वर्षातून अनेकदा वीण घालते आणि पिल्ले तोंडात सांभाळते. जलाशयांत ती माजली याचे खापर केवळ तिच्या चिवटपणावर फोडता येणार नाही. तिला मानवणारे पाणी आपणच करून ठेवले आहे. पर्यावरणीय प्रवाहाची, म्हणजे नदीसाठी सोडायच्या पाण्याची, चर्चा किती टक्के यावर अडकली आहे; प्रश्न केव्हा हाही आहे. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसाबरोबर काही दिवस तरी धरणातून पाणी सोडावे, ही मागणी मच्छीमार संस्थांनी पाटबंधारे खात्याकडे लेखी करावी.

आपल्या भागातल्या बंधाऱ्याचे बर्गे यंदा कोणत्या तारखेला निघाले, चढण कधी दिसली आणि त्यात कोणते मासे होते, एवढे लिहून आम्हाला पाठवा. ऑक्टोबरच्या अंकात नदीवार तक्ता छापू, आणि तोच या मागणीच्या अर्जाला जोडता येईल.