मोजणीत शहर, कारभारात खेडं

राजधानीला खेटून असलेल्या दाट वस्तीचा विषय निघाला की आपल्याला मुंब्राच आठवतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं तिथं गेली. पण मुंब्र्याला निदान ठाणे महापालिका आहे, भांडायला नगरसेवक आहेत. जिल्ह्याच्या शहरांना चिकटलेल्या लहान वस्त्यांबद्दल मात्र आपण बोलतच नाही. वर्ध्यालगतची सावंगी (मेघे) घ्या.

इथं १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आलं. रुग्णालय, वसतिगृहं, मेडिकलची दुकानं, खानावळी, भाड्याच्या खोल्या यांनी वस्ती वाढली. जनगणनेनं तिला 'सेन्सस टाउन' म्हटलं. त्याचे निकष असे: किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि कमावत्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. पण हे शहरपण मोजणीपुरतंच. नाली, कचरा, दिवाबत्ती सगळं १९५८ च्या कायद्यानं चालणाऱ्या ग्रामपंचायतीकडे. (ग्रामस्वराज्य पाहायला लोक जवळच्या सेवाग्रामला जातात, इथं कुणी थांबत नाही.)

अशा वस्तीत नाली तुंबली की आपली पोरं काय करतात? 'आपल्या माणसाला' फोन लावतात. समाजाचा कुणी पुढारी शब्द टाकतो, काम होतं आणि पुढच्या निवडणुकीत त्याची वसुली होते. हक्काची नाली आपण उपकार म्हणून घेतो. मला हे पटत नाही, कारण रस्ता तर ग्रामसभेतून जातो. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा पुरतो. म्हणजे हजारोंच्या वस्तीतही वीस तरुण वही घेऊन बसले तर दुर्लक्ष करणं अवघड. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणंही बंधनकारक आहे. आपल्या बहिणींना तिथं जाऊ न देणारे घरातले पुरुषच असतील, तर दोष सरपंचाला देऊ नये.

"आम्ही तर भाडेकरू," हे ठरलेलं उत्तर. कायद्याला घराची मालकी लागत नाही, सर्वसाधारण रहिवास लागतो. मात्र नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. गावाकडचं मत सोडायचं जिवावर येतं, हे खरं. पण पाणी रोज भरायचं ते इथंच.

नगरपंचायत व्हावी, असंही कुणी म्हणेल. शहरी योजनांचा निधी मिळू शकेल, पण ग्रामसभा जाईल. हा सौदा आपल्या गैरहजेरीत ठरू नये. येत्या ग्रामसभेत नालीचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का, हे तिथंच वाचून घ्या. नंतर माहितीच्या अधिकारात त्याची नक्कल मागता येते.