पाठीतले पाणी आणि मातीचा नमुना



या पानावर आपण नेहमी खतांच्या, बियाण्यांच्या, कांदा-ज्वारीच्या गोष्टी करतो. आज जरा वेगळे लिहितो आहे. गेल्या महिन्यात केडगावात जे घडले ते मनातून जात नाही, आणि त्यात माझाही दोष आहे.

केडगाव म्हणजे आपल्या नगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, वेशीवरचे गाव. पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेचे ठाणे. गाव महापालिकेत गेले, तरी कडेकडेने अजून शेती आहे आणि कांद्याच्या चाळी आहेत. अशाच एका चाळीपाशी मी उभा होतो. साठवलेल्या कांद्याला काजळी का धरते ते पाहत होतो. तेवढ्यात घरच्या मुलाचा दवाखान्यातून फोन आला. त्याच्या नऊ वर्षांच्या पोराला चार दिवस ताप, उलट्या, मान ताठ झालेली, आणि सकाळी झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणत होते, "पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल, सही करा."

आजीने फोनवरच ओरडून सांगितले, "सही देऊ नको! मणक्यात सुई टोचली का पोरगं जल्माचं अधू व्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तुमच्याच भाचीचं काय झालं, ते आख्ख्या केडगावला ठाऊक हाय."

मी क्षणभर गप्प झालो. उत्तर माझ्याकडे होते; पण ते मी इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते. ते सांगण्याआधी हे पाणी म्हणजे काय, ते पाहू.

आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू एका स्वच्छ पाण्यात असतात. हे पाणी झऱ्याच्या पाण्यासारखे नितळ असते. ते मेंदूला धक्क्यापासून जपते आणि आतला मळ वाहून नेते. मोठ्या माणसाच्या अंगात ते सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते. तपासणीसाठी मोठ्या माणसाचे साधारण दहा मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे, काढतात; मुलांचे त्याहून कमी. तेवढे पाणी तासाभरात पुन्हा भरून येते. "अंगातलं पाणी संपलं, माणूस वाळला" या बोलण्यात काही तथ्य नाही.

"मग रक्त तपासून भागत नाही का?" असे तुम्ही विचाराल. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक बांध घातला आहे. बांधाच्या अलीकडे काय आहे ते पाहून पलीकडचे पुरते कळत नाही. शेजारच्या रानाची माती तपासून आपल्या रानाला खताचा हिशेब लावता येईल का? तसेच हे आहे.

तपासणीत काय पाहतात? आधी रंग. पाणी नितळ आहे, गढूळ आहे की रक्ताळलेले, हे डोळ्यांनीच दिसते. मग पांढऱ्या पेशी मोजतात. निरोगी मोठ्या माणसात त्या एका घन मिलिमीटरमध्ये पाचापर्यंतच असतात. जिवाणूंचा मेंदूज्वर असेल तर त्या शेकड्यांनी, हजारांनी वाढतात आणि पाण्यातली साखर घटते. क्षयाच्या मेंदूज्वरात पेशींची जात वेगळी असते, साखर कमी होते आणि प्रथिने फार वाढतात. विषाणूंच्या आजारात साखर बहुधा ठीक राहते. याशिवाय त्याच पाण्यातून प्रत्यक्ष जंतू शोधतात. वरून ताप, डोकेदुखी, उलटी सगळ्यांत सारखीच. औषध मात्र प्रत्येकाचे निराळे. पिवळ्या पडलेल्या पिकाला नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे, हे नुसते पान पाहून सांगता येत नाही, तशीच ही गोष्ट.

आता सुईची भीती. मज्जारज्जू कमरेच्या सुरुवातीलाच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी, संपतो. सुई टोचतात ती त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे घोड्याच्या शेपटीसारख्या सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात. सुई आली की त्या बहुधा बाजूला सरतात. रोग्याला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात. म्हणजे मणक्यांच्या फटी उघडतात. जागा स्वच्छ करून बधिर करतात. पाणी थेंबथेंब नळीत पडते. हे काम सहसा अर्ध्या तासाच्या आत उरकते. जर्मनीतल्या हाइनरिख क्विंके नावाच्या डॉक्टरांनी १८९१ साली ही रीत सांगितली, आणि आजही जगभर तीच चालते. माता-भगिनींनो, सिझरच्या वेळी तुमच्यापैकी कितीतरी जणींना पाठीत भुलीचे इंजेक्शन दिलेले असते. ती सुईही याच पाण्यात जाते. त्यानंतर तुम्ही चालत घरी आलात, मुले वाढवलीत, रानात खुरपलेत.

आता माझ्या भाचीची गोष्ट. तिला विचारूनच लिहितो.

साल १९९६. मला नोकरीला लागून पाच-सहा वर्षे झाली होती. बहीण केडगावातच दिलेली. तिची दोन वर्षांची मुलगी बारा दिवस तापाने फणफणत होती, सुस्त पडत होती. दवाखान्यात डॉक्टरांना क्षयाच्या मेंदूज्वराची शंका आली. त्यांनी पाठीतले पाणी काढायचे म्हणून सही मागितली. मेहुणे ट्रक घेऊन परमुलखात गेलेले. मोबाईल तेव्हा कुठले? मामा म्हणून मी पुढे झालो आणि म्हणालो, "तिचे वडील आल्याशिवाय मी सही करणार नाही." मी बी.एस्सी. अॅग्री झालेला माणूस, गावोगाव सांगत फिरायचो की माती परीक्षणाशिवाय खताचे पोते फोडू नका! आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा लोकांच्या बोलण्याला भ्यालो. दोन दिवस गेले. मेहुणे आले, सही झाली, पाणी काढले, क्षयच निघाला. औषधे सुरू झाली. पोर वाचली, पण डावा हात आणि डावा पाय कमजोर राहिला.

त्या दोन दिवसांमुळेच हे झाले, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. या आजारात औषधाला जितका उशीर तितका धोका वाढतो, एवढेच म्हणाले. मला तेवढे पुरे होते.

पुढे काय झाले बघा. पोर लंगडू लागली तशी गावात चर्चा झाली, "पाठीतलं पाणी काढलं, म्हणून अधू झाली." मी ते ऐकले आणि खोडले नाही. खोडायचे तर माझी चूक सांगावी लागली असती. मंडळी, ही समजूत अशीच वाढत जाते. पाणी काढतात ते मुळातच अत्यवस्थ माणसाचे. आजाराने तो दगावला किंवा अधू झाला, तर बोल लागतो सुईला. चांगले झालेले घरी येतात आणि कामाला लागतात. त्यांची चर्चा होत नाही.

आमच्या भागाला अलीकडचा दाखला पुण्याचा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी आणि पुण्याजवळचे नांदेड गाव या भागांत गिलियन बारे नावाच्या आजाराची साथ आली. जुलाब झाले, आणि नंतर पायातले बळ जाऊन ते वर हातांपर्यंत गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. पिण्याच्या पाण्यावर बोट ठेवले गेले. या आजाराची खूणसुद्धा पाठीतल्या पाण्यातच मिळते. प्रथिने वाढतात आणि पेशी मात्र वाढत नाहीत. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९१६ साली दोन सैनिकांच्या पाण्यात हेच पाहिले, आणि त्यांच्याच नावाने आजार ओळखला जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात मात्र ही खूण दिसेलच असे नाही, म्हणून डॉक्टर इतर तपासण्याही करतात.

आता तुम्ही काय करायचे ते सांगतो.

ताप आणि जोराची डोकेदुखी, मान ताठ, उजेड सोसत नाही, झटका, गुंगी, असे दिसले की घरी थांबू नका. तान्ह्या बाळाची टाळू फुगली, ते अंगावर पीत नसेल, तरी तेच. पायातले बळ चढत्या क्रमाने जाऊ लागले, तरी तेच. सही मागितली तर डॉक्टरांना मोकळेपणी विचारा, पण दोन दिवस लावू नका. रोग्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, रक्त लवकर थांबत नसेल, कमरेवर गळू असेल किंवा मणक्याचे ऑपरेशन झाले असेल, तर आधी सांगा. मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी डोक्याचा फोटो काढतात. दाब फार असेल तर पाणी काढत नाहीत. मेंदूज्वराची दाट शंका असेल तर औषध आधी सुरू करतात आणि पाणी नंतर काढतात. खत टाकलेल्या रानाचा नमुना थोडा फसवा येतो, तसे याचेही होते. पण जीव वाचवण्यापुढे ते चालते.

पाणी काढल्यावर काही जणांचे डोके दुखते. बसले की जास्त, निजले की कमी. बहुधा काही दिवसांत थांबते. न थांबल्यास, ताप आला, टोचल्या जागेतून पाणी पाझरले, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर लगेच दवाखाना गाठा. आणि बाळाला जन्मल्यावर बीसीजी, पुढे पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकॉकलच्या लसी सरकारी केंद्रात फुकट मिळतात. मेंदूज्वराच्या काही वाईट जाती त्या अडवतात. त्या चुकवू नका.

त्या दिवशी चाळीपाशी मी आजीला हे सगळे सांगितले. सही न केल्याचेही सांगितले. म्हातारी बराच वेळ कांद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "इतकी वर्सं का नाही बोलला, साहेब?" आणि तिनेच मुलाला फोन लावायला सांगितले.

पाणी गढूळ निघाले, जिवाणूंचा मेंदूज्वर होता. औषध आधीच सुरू केले होते. तपासणीमुळे नेमके कोणते द्यायचे आणि किती दिवस, ते ठरले. पंधरा दिवसांनी पोरगे घरी आले. अजून अशक्त आहे, पण बैलामागे धावते.

भाची आज केडगावातच शिलाईचे दुकान चालवते. उजव्या पायाने मशीन मारते. हा मजकूर तिला वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, "मामा, छापाच. सुईवरचा आळ तरी जाईल."

पुढच्या आठवड्यात पुन्हा कांद्याच्या काजळीकडे वळू. तोवर राम राम.