लेखनाचा श्रीगणेशा वर्गातच व्हावा

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१मध्ये संमिश्र अध्यापनाविषयी संकल्पना-टिपण प्रसृत केले. विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन, उरलेला प्रत्यक्ष वर्गात, असा तो प्रस्ताव होता. विषय रसायनशास्त्राचा असो वा लेखनाचा, माप एकच! वास्तविक लेखन ही नुसती ऐकून येणारी विद्या नव्हे. म्हणूनच लेखनाच्या अभ्यासक्रमात पहिले दोन-तीन आठवडे ऑनलाईन तासिका नकोतच. विद्यार्थ्याने प्राध्यापकांसमोर बसून स्वहस्ते एक परिच्छेद लिहावा. कोण कोठे अडखळतो, हे त्यातील खाडाखोडच सांगते. भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या नीटनेटक्या, क्वचित यंत्राने रचून दिलेल्या निबंधातून ते कसे कळावे? एकदा ही ओळख पटली, की ऑनलाईन भागाला खरे काम मिळते : खर्डा पाठवणे, सहाध्यायांच्या सूचना घेणे, पुन्हा लिहिणे. तो वेळ ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांवर खर्ची घालणे म्हणजे काठावर बसवून पोहणे शिकवणे होय.

एकेका वर्गात शंभरावर विद्यार्थी असताना हे करायचे कोणी, हा आक्षेप रास्तच आहे. त्यासाठी तुकड्या लहान कराव्या लागतील, प्राध्यापकांची रिक्त पदे भरावी लागतील. हा खर्च टाळण्यासाठीच ऑनलाईनचा वाटा वाढवला जाणार असेल, तर शासनाने ते उघडपणे सांगावे.