परदेशवारी : चैन की शिक्षण?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्याकडे परदेशी जाऊन आलेल्या माणसाला सहसा दोन प्रश्न विचारतात. काय काय पाहिलेत? आणि खर्च किती आला? आमच्या घराला मात्र तिसराच प्रश्न विचारला गेला – गेलात कशाला? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. 'मी पाहिलेले सिंगापूर' अशा धर्तीचे प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही.

माझे वडील एस. टी.त चालक होते. शिक्षण सातवीपर्यंत. आई चौथीपर्यंत शिकलेली. दादाने आय. टी. आय. केले आणि तो रोज सावंतवाडीकडून मोटारसायकलने गोव्यातल्या एका कारखान्यात कामाला जातो. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली पहिली मीच. बाबा निवृत्त झाले तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी चौघांची आठवड्याभराची सहल ठरवली. कुआलालंपूर, मलाक्का आणि सिंगापूर. का, असे विचारल्यावर एवढेच म्हणाले, "जल्मभर लोकांका गावाक पोचवलंय. आता एकदा आपण जावया."

नातेवाईकांत गहजब झाला. "चेडवाच्या लग्नाचे पैशे इमानात घातले," असे एक आत्या उघड बोलली. खरे सांगायचे तर मीही नाराजच होते. लग्नासाठी नव्हे, पण त्याच पैशांवर पुण्याला जाऊन एम. ए. करण्याचे मनोरथ मी रचले होते. चार दिवस मी बाबांशी धड बोलले नाही. म्हणजे पुढे जे लिहीत आहे ते इतरांना उद्देशून जितके आहे, तितकेच मला स्वतःलाही आहे.

प्रथम खर्चाचा विचार करू. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आम्हांलाही शिकवलेले आहे. पण हेच अंथरूण लग्नाच्या वेळी आपोआप लांब कसे होते? चौघांच्या सहलीला जेवढे पैसे लागले, त्याहून अधिक पैसे गेल्या वर्षी आमच्याच वाडीतल्या एका लग्नात मांडव, बँडबाजा आणि जेवणावळी यांवर गेले. त्यासाठी कर्जही काढले गेले. त्या घराला 'कशाला?' असे कोणी विचारले नाही. माणसाने स्वतःच्या घामाच्या पैशाने, कर्ज न काढता, जग पाहिले की मात्र ती उधळपट्टी! शिकलेला, पगारदार माणूस परदेशी गेला तर तो 'अनुभवसमृद्ध' होऊन येतो आणि चालक गेला तर त्याला चढलेली असते, हा न्याय मला समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अशिक्षित माणसाला तिकडे जाऊन काय कळणार? हा आक्षेप केवळ वाडीतलाच नाही. आमचे पासपोर्ट आले तेव्हा आईच्या पासपोर्टवर 'ई. सी. आर.' अशी तीन अक्षरे होती, माझ्यावर नव्हती. चौकशी केल्यावर कळले की दहावी न झालेली व्यक्ती ठरावीक देशांत नोकरीसाठी जात असेल, तर तिला सरकारची वेगळी परवानगी लागते, त्याची ती खूण आहे. तिचा आधार १९८३ चा स्थलांतर कायदा. मलेशिया त्या देशांपैकी एक. दलालांकडून गरिबांची फसवणूक होऊ नये हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे आणि सहलीला जाणाऱ्याला तिची अडचणही येत नाही. पण आईने त्या अक्षरांवरून बोट फिरवून "ह्या माझ्या शाळेचा काय?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर देणे जड गेले.

आता या 'न कळणाऱ्या' माणसांना काय कळले ते सांगते.

कुआलालंपूरला पेट्रोनासचे जुळे मनोरे पाहिले. उंची ४५२ मीटर, मजले ८८. हे आकडे मी वहीत टिपून घेतले. तेवढ्या वेळात बाबा आमच्या बसच्या चालकाजवळ जाऊन उभे होते. तो तमिळ वंशाचा. बाबांना मालवणी, मराठी आणि मोडकी हिंदी. हातवारे आणि दादाचे जेमतेम इंग्रजी यांच्या बळावर तासाभरात दोघांनी एकमेकांचा पगार, मुलेबाळे आणि पाठदुखी जाणून घेतली. इंग्रजांच्या काळात त्याचे पूर्वज रबराच्या मळ्यांत मजुरीसाठी आले होते, हे मला बाबांकडून समजले. दुसऱ्या दिवशी बाटू लेण्यांच्या २७२ पायऱ्या चढताना, मुरुगनच्या दर्शनाला आलेली ती सारी माणसे मला निराळीच दिसू लागली. एवढ्या दूर येताना त्यांनी देव बरोबर आणला होता.

मलाक्काला टेकडीवर सेंट पॉल चर्चचे अवशेष आहेत. छप्पर नाही, नुसत्या भिंती. आत एक रिकामी कबर आहे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ मरण पावलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह पुढच्या वर्षी काही महिने येथे ठेवला होता आणि नंतर तो गोव्याला नेला. जुन्या गोव्याच्या चर्चमधली त्याची पेटी आईने दोन-तीनदा पाहिलेली होती. ती कबरीत वाकून बघत म्हणाली, "म्हणजे हंयसून थंय इलो?" इतिहासाच्या पेपरात मी लिहिले होते की अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतले. लिहिले होते, गुणही मिळाले होते. पण ही दोन वर्षे म्हणजे एकाच समुद्रवाटेवरची दोन बंदरे आहेत, हे आईच्या त्या एका प्रश्नाने माझ्या डोक्यात शिरले.

तिथून बसने सिंगापूरला. मलेशियाचे जोहोर बाहरू आणि सिंगापूर यांच्यामध्ये १९२४ मध्ये बांधलेला सुमारे एक किलोमीटर लांबीचा बांध आहे. त्यावर मोटारसायकलींची ही गर्दी! मलेशियातले हजारो लोक रोज पहाटे सिंगापूरला कामाला जातात आणि रात्री घरी परततात. संपूर्ण सहलीत गप्प असलेला दादा खिडकीला नाक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्यासारखेच हे." त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान दिसले. आपण रोज सोसतो ते जगात दुसरेही कोणी सोसते, हे पाहण्याचे समाधान असावे.

सिंगापुरात आईला सिंहमत्स्याच्या पुतळ्याचे फारसे कौतुक वाटले नाही. तिचे लक्ष उंच इमारतींच्या खिडक्यांकडे. बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत घातलेले. "इतक्या उंचार कपडे वाळत घालतत कशे गो?" या प्रश्नापायी मी माहिती काढली, तेव्हा कळले की तिथल्या बहुसंख्य लोकांची घरे सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेली आहेत आणि हे मंडळ १९६० पासून काम करते आहे. आईच्या प्रश्नामागे मी गेले नसते तर सिंगापूर म्हणजे रोषणाई, एवढेच मी घेऊन आले असते.

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावात 'लोकस्थिती' हा शब्द आधी येतो आणि 'प्रवासवृत्त' नंतर. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. माणसे कशी राहतात, काय कमावतात, कपडे कुठे वाळत घालतात, हे आधी पाहावे. रमाबाई विदुषी होत्या. माझी आई नाही. पण पाहण्याचा हा क्रम तिला कोणी न शिकवता येत होता आणि मला दोन वर्षे महाविद्यालयात काढूनही येत नव्हता.

या सहलींचे दोष मी नाकारत नाही. आठवड्यात तीन शहरे म्हणजे धावपळच. रोज रात्री वरणभात मिळेल याची हमी, त्यामुळे तिथले अन्न आम्ही चाखलेच नाही. बरोबरच्या मंडळींचा अर्धा वेळ छायाचित्रे काढण्यात गेला, माझाही गेला. आणि घरच्या हिशेबाचे म्हणाल, तर मागच्या पडवीचे पत्रे बदलायचे राहिले ते राहिलेच. यंदाच्या पावसात ते गळले आणि आम्ही बालद्या मांडल्या. माझ्या एम. ए.चेही अजून ठरलेले नाही. एवढे सारे हिशेबात धरूनही मी म्हणते की बाबांनी केले ते योग्य केले. शिक्षणाची संधी हुकलेल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर ती थोडीशी वसूल केली, तर त्याला चैन म्हणू नये.

आपल्यापैकी अनेक जण माझ्यासारखेच घरातले पहिले शिकणारे आहेत. आपण शिकतो आणि नकळत आईवडिलांना 'त्यांना काय कळते' या खान्यात टाकतो. परदेशवारी प्रत्येकाला जमणार नाही, जमावी असाही आग्रह नाही. पण आपल्या महाविद्यालयाची अभ्याससहल दर वर्षी निघते आणि बसमध्ये काही जागा रिकाम्या राहतात. त्या जागा विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना, त्यांचा खर्च घेऊन, द्याव्यात अशी माझी प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना आहे. बाबा येतील की नाही सांगता येत नाही. दुसऱ्याने चालवलेल्या बसमध्ये त्यांना झोप लागत नाही. पण आई नक्की येईल. तिने विचारूनही ठेवले आहे.