टाळ्या उशिरा वाजतात

जुन्या फुटबॉलपटूंच्या आठवणी ऐकायच्या तर कोल्हापूरला जावे. तेथे पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस अशी नुसती नावे उच्चारली, तरी पेठेतला एखादा म्हातारा ओट्यावर बसल्या बसल्या शाहू स्टेडियमवरचा जुना सामना डोळ्यांपुढे उभा करतो. आमच्या भूम तालुक्यात फुटबॉल फारसा कुणाच्या पायाला लागलेला नाही. आमचा खेळ खो-खो. दोन खांब, मोकळे रान आणि दोन्हीकडचे नऊ-नऊ गडी एवढ्यावर भागते. चेंडूसुद्धा विकत घ्यावा लागत नाही. दुष्काळी मुलखाला हा खेळ मानवला यात नवल ते काय?

त्यामुळे आमच्या ईटच्या एस.टी. थांब्यासमोरच्या हॉटेलात जुन्या खेळाडूंच्या गोष्टी निघतात त्या खो-खोच्याच. गावातली एक ताई शाळेत असताना जिल्ह्याला खेळली होती. आता ती दोन मुलांची आई आहे. पण तिचा विषय निघाला की कपातला चहा निवून जातो. एकजण म्हणतो, "तीन मिनिटं पळाली, पण हाताला लागली नाही." दुसरा लगेच म्हणतो, "तीन कशाची? चांगली पाच!" तिसरा उठून बाकाच्या कडेला वळून दाखवतो, की ती खांबाला कशी वळायची. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो आहे, आणि दरवर्षी तिच्यात अर्ध्या मिनिटाची भर पडलेली पाहत आलो आहे.

गेल्या दिवाळीत ताई माहेरी आली, तेव्हा मी धीर करून विचारले, "ताई, नक्की किती मिनिटं?"

ती हसली. म्हणाली, "मिनिटं कुणाला आठवतात रे? मला एवढंच आठवतं, की पहाटे कोरा चहा पिऊन निघालो होतो आणि सामना दुपारी दोनला झाला. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. लांब पळायची ताकद नव्हती, म्हणून खांब सोडला नाही. लोकांना वाटलं, काय पोरीची कला!"

मित्रहो, त्या दिवसापासून हॉटेलातल्या त्या गोष्टीला मी मोकळ्या मनाने हसू शकलेलो नाही. मिनिटे आमच्या लक्षात राहिली आणि भूक तिच्या.

हे एका ताईपुरते असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिलांनी खो-खोचे सुवर्णपदक मिळविले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा मान तब्बल २२ वर्षांनी आला होता. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. पण पुरस्कार जाहीर झाल्यावर त्या स्वतः काय म्हणाल्या? सुमारे दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असे त्यांनी सांगितले. ज्या २०१६ चे सुवर्ण आपण मिरवतो, त्याच वर्षी घरच्या अडचणींनी त्यांनी खेळ सोडण्याचे मनात आणले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, म्हणून त्या मैदानावर परतल्या. पुढे त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. शेवट गोड झाला खरा. पण ती दहा वर्षे टाळ्या वाजविणारे आपण कोठे होतो?

आपल्या टाळ्यांना उशीर करण्याची जुनी खोड आहे. गोलेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक आणले. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली, हे खरे. पण अर्जुन पुरस्कार आला तो २००० सालचा, आणि खाशाबा तर १९८४ मध्येच अपघातात गेले होते. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या काळात, १९८३-८४ च्या संतोष करंडकात, गोव्याने एकही गोल न स्वीकारता विजय मिळविला. त्यांना अर्जुन पुरस्कार १९९७ साली मिळाला, पद्मश्री २०२२ मध्ये. गोलजाळ्यापुढे ते उभे होते तेव्हाचे हे कौतुक नव्हे.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, "हलाखीतूनच खेळाडू घडतो. पोट भरलेला काय पळणार?" हे वाक्य ऐकायला बरे वाटते, कारण ते बोलणाऱ्याच्या खिशाला हात लावत नाही. परंतु ते खोटे आहे. हलाखीतून वर आलेली एक सारिका आपल्याला दिसते. हलाखीने मैदान सोडायला लावलेल्या किती, हे कोण मोजणार? त्यांच्या गोष्टी हॉटेलात निघत नाहीत. आठवण राहते ती टिकलेल्यांची. तेव्हा आठवणींवरून भुकेला प्रशस्तिपत्र देणे म्हणजे पीक हाती लागलेल्या एका शेतावरून दुष्काळ चांगला म्हणण्यासारखे आहे.

याचा अर्थ आठवणी काढू नयेत असा नाही. खो-खोच्या सामन्यात उरते काय? कागदावर गुण आणि वेळ. तिची हुलकावणी, तिचा सूर, खांबाला वळताना उडालेली माती हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच राहते. ते जपणाऱ्या रसिकांचा मी ऋणी आहे. माझे म्हणणे एवढेच, की माया आहे तर ती वेळेवर दिसावी.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरविले. त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्या रात्री हॉटेलात उभे राहायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच मैदानावर मुली सराव करीत होत्या, तेव्हा पाहायला मात्र चारजणही नव्हते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्या महाविद्यालयात सामन्यांची एक वही ठेवावी. कोण किती पळाली, कुणी किती गडी मारले, हे त्याच दिवशी लिहावे. गुरुजनांनी त्यावर सही करावी. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. सामन्याच्या दिवशी संघाच्या जेवणाची जबाबदारी आपण विद्यार्थ्यांनी घ्यावी. भाकरी-पिठले, गूळ-शेंगदाणे, चार केळी, याला निधी उभारावा लागत नाही. आठवड्यातून एक चहा कमी केला तरी पुरे.

वही आली की हॉटेलातल्या गोष्टी वाढायच्या थांबतील, अशी भीती कुणाला वाटेल. वाटू द्या! ताईची पाच मिनिटे पाचच राहोत, मी त्यांना हात लावणार नाही. पण यंदा जी मुलगी खांबाला वळते आहे, ती जेवून आली आहे काय, हे तिला आजच विचारायला हवे. वीस वर्षांनी विचारून काय उपयोग?