विसावा कोणाचा, डोंगर कोणाचा?

पावसाळा सुरू झाला की अमरावती-अकोल्याच्या मोटारी परतवाड्यावरून घाट चढू लागतात. चिखलदऱ्याला दोन दिवसांसाठी बंगला भाड्याने घेणे ही वऱ्हाडातील सुखवस्तू वर्गाची रीतच झाली आहे. नेमक्या त्याच दिवसांत मेळघाटातील कोरकूंच्या घरचे धान्य सरते, मजुरी थांबते आणि कुपोषित बालकांचे मृत्यू वाढतात. १९९३ साली या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, न्यायालयांचे आदेश आले. पावसाळ्याची धास्ती मात्र गेली नाही. एकच पाऊस एकाला विसावा आणि दुसऱ्याला घोर ठरावा, हा निसर्गाचा नियम नव्हे. ही माणसांनी उभी केलेली व्यवस्था आहे.

समाजवाद्यांचे विसाव्याशी वैर नाही. विसावा हा श्रमाचा हक्क आहे, हे कामगार चळवळीनेच जगाला शिकवले. फ्रान्समध्ये १९३६ च्या प्रचंड संपांनंतर लिऑं ब्लुम यांच्या सरकारने दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची रजा मान्य केली. परंतु हक्काचा माल झाला की तो स्थानिकांच्याच मुळावर येतो. भूमध्य समुद्राकाठच्या बार्सिलोनात पर्यटकांना घरे देण्याच्या धंद्यामुळे रहिवाशांना घर परवडेनासे झाले; अखेर अशा सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याची घोषणा तेथील नगर प्रशासनाला २०२४ साली करावी लागली.

मेळघाटात याहून क्रूर विसंगती दिसते. १९७४ साली येथे व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे जंगलातील गावे उठवून काही अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा तालुक्यांत बसवण्यात आली. कुटुंबामागे दहा लाख रुपये हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्याचा हिशेब ठरला. पुनर्वसनाची वचने पाळली गेली नाहीत म्हणून विस्थापित पुन्हा जंगलात परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी त्यांचा संघर्ष झाला. दुसरीकडे सेमाडोह, कोलकास येथे जंगलातच पर्यटकांसाठी निवासाची सोय आहे. कोरकूच्या चुलीने वाघाला उपद्रव होतो आणि पाहुण्याच्या जेवणावळीने होत नाही, हे कोणते शास्त्र?

पर्यटनाने रोजगार मिळतो, असे उत्तर तत्परतेने दिले जाते. कोणता रोजगार? भाडे मालकाच्या खिशात जाते आणि डोंगराच्या मूळ रहिवाशाच्या वाट्याला झाडलोट, धुणीभांडी व पहारा येतो. तोही हंगामापुरता. होळी आटोपली की हीच कुटुंबे ‘जगायला’ म्हणून मैदानी मुलखात उतरतात. त्यांच्या भरपगारी रजेचा विचार कोणत्या नियोजनकाराने केला? उन्हाळ्यात चिखलदरा तालुक्यातील खडीमलसारखी गावे टँकरची वाट पाहतात. तेव्हा नव्या बंगल्यांना पाणी कोठून व कोणाच्या संमतीने दिले जाते, हे विचारणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

पर्याय याच जिल्ह्यात उभा आहे. पायविहीर गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड टेकड्यांवर जंगल वाढवले आणि सीताफळाची विक्री गावाच्या हाती ठेवली. जे सीताफळाबाबत शक्य झाले, ते पर्यटनाबाबत अशक्य का असावे?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. ग्रामसभेच्या संमतीशिवाय नवे बांधकाम नको. आधी गावाला पाणी, मग बंगल्याला. पर्यटनाच्या उत्पन्नात गावाचा कायदेशीर वाटा हवा. तेथे राबणाऱ्यांना किमान वेतन व हक्काची रजा हवी. शेतमजूर व कामगार कुटुंबांना परवडतील अशी सार्वजनिक विश्रामगृहे हवीत.

अमरावती आणि अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न केवळ आदिवासींचा मानू नये. मैदानातील मजुराला रजा नाही आणि डोंगरातील कोरकूला जमीन नाही. दोघांच्या कष्टांवर तिसरा विसावतो. या दोघांना एका मोर्चात आणणे हेच चळवळीचे काम आहे.