मनीषाची मोनिशा

लग्नानंतर नवरीचं नाव बदलायची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत होती, काही घरांत अजून आहे. ताटात तांदूळ पसरायचे, त्यावर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या मालिकेतल्या माया साराभाईने हेच काम तांदळाशिवाय उरकलं. नोएडाहून आलेल्या सुनेचं मनीषा हे नाव तिला फारच ‘मिडल क्लास’ वाटलं, म्हणून तिने तिची मोनिशा केली. फरक उच्चारापुरताच, पण कफ परेडच्या घरात सून म्हणून वावरायचं तर तेवढी किंमत मोजावी लागली. वर्गभेद लग्नानंतर कुठे जाऊन बसतो, हे आपल्या टीव्हीवर या एका नावाइतकं नेमकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

श्रीमंत मुलगा आणि साधी मुलगी ही जोडी आपल्या दैनंदिन मालिकांना नवी नाही. तिथे दरी असते ती पैशाची, आणि ती बुजवायला मुलीचा सालसपणा पुरतो. 2013 साली आलेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये श्री हा भरभराटीच्या गृहउद्योगाचा वारस, जान्हवी मध्यमवर्गीय घरातली. तिची परीक्षा होते ती मनाच्या मोठेपणाची. त्या मोठ्या घरातलं तिचं बोलणं, तिची खरेदी, हात पुसायची तिची पद्धत कधी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. आणि का खुपावी? एकाचं आडनाव गोखले, दुसरीचं सहस्रबुद्धे. जात जुळलेली असली की उरलेली दरी बँकेच्या पासबुकातच मावते.

2004 ते 2006 या काळात स्टार वनवर चाललेल्या, आतिश कपाडिया यांनी लिहिलेल्या ‘साराभाई’ने हिशेब उलटा मांडला. पैशाचा प्रश्न लग्नाच्या दिवशीच निकालात निघाला आहे. नवरा साहिल कॉस्मेटिक सर्जन, त्यामुळे मोनिशाला कसली ददात नाही. तरी ती सेलमागे धावते, चार पैसे वाचले की दिग्विजय केल्यासारखी खूश होते, घर पसरून ठेवते आणि रडक्या मालिका मन लावून बघते. टंचाई गेली तरी टंचाईने लावलेली सवय जात नाही, हे आपल्याकडे दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. मायाचा सगळा संताप या सवयींवर आहे. सुनेला हिरे देता येतात, पण वस्तूची किंमत न विचारता ती उचलायची बेफिकिरी देता येत नाही, हे तिला कळतं. पैशाइतकीच अभिरुचीही वारशाने येते, हा विचार समाजशास्त्रात जुना आहे. इथे तो चहाच्या कपाबशीवर आणून ठेवला आहे.

यावर कुणी म्हणेल की अशाने मध्यमवर्गाचीच टिंगल होते. आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण काही भागांत मोनिशाचा चिक्कूपणा इतका ताणला आहे की तिच्या जागी नुसता विनोदाचा ठोकळा उरतो. पण तिला स्वतःची लाज वाटत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची. ती मायासारखी व्हायचा ध्यास घेत नाही, आणि सासरा इंद्रवदन तर हटकून तिच्या बाजूचा. घाम फुटतो तो मायाला, कारण उच्चभ्रूपणाचा पहारा तिला अष्टौप्रहर द्यावा लागतो. इंद्रवदन झालेले सतीश शाह आणि माया झालेल्या रत्ना पाठक शाह यांची जुगलबंदी रंगते ती याच ताणावर.

मला खटकतं ते दुसरंच. साहिल आणि मोनिशाचं प्रेम आपण जवळजवळ बघतच नाही. मालिका सुरू होते तेव्हा लग्न होऊन गेलेलं आहे. वर्गाची सीमा ओलांडली दोघांनी, पण तिच्यावरची लढाई लावून दिली दोन बायकांच्या गळ्यात. सुमीत राघवनने साहिल फार गोड केला आहे, पण हा गृहस्थ आईचंही ऐकतो, बायकोलाही समजावतो आणि बहुतेक वेळा मध्ये बसून हसतो. बायकोचं नाव बदललं जाताना त्याने काय केलं, असा प्रश्न मालिकेने त्याला कधी जोर लावून विचारला नाही. (लोकांचे चेहरे सुधारून देणाऱ्या माणसाला घरातला फेरफार जाणवू नये, ही गंमतच.)

कौटुंबिक विनोदी मालिकेकडून इतकी अपेक्षा कशाला, हसावं आणि सोडून द्यावं, असंही म्हणतात. पण हसू येतं ते ओळख पटल्यामुळेच. तेव्हा बेताचा टीआरपी मिळालेली ही मालिका नंतर पुनःप्रक्षेपणात आणि इंटरनेटवर घरोघरी पाठ झाली, ती पाहणाऱ्यांना मोनिशा घरातलीच वाटली म्हणून. 2017 साली मालिका हॉटस्टारवर परतली, तोवर या जोडप्याला मुलगा झाला होता. त्याचं नाव अर्णब. मोनिशासाठी मात्र तो गुड्डू.